बदललेली ओळ

गेली दोन वर्षे आमच्या घरात एक कडक सोवळे पाळले जात होते. देवघरातले म्हणाल तर ते नव्हे. ते माझ्या सासूबाईंनी त्यांच्या हयातीतच सैल केले होते. हे सोवळे गाण्यांचे होते, आणि ते पाळणारी होती आमची अकरावीत शिकणारी कन्या.

मला त्याचा पत्ता लागला तो एका रविवारी. पोळ्या आटोपल्या होत्या, हात मोकळे होते, म्हणून मी सहज तिचा फोन उचलला आणि ती नेहमी ऐकते त्या टेलर स्विफ्टचे एक गाणे लावले. पहिले कडवे सुरू होते न होते तोच कन्या आतल्या खोलीतून धावत आली.

“आई, बंद कर! हे जुनं आहे!”

“जुनं म्हणजे? गाणं तेच ना?”

“गाणं तेच आहे.”

“गाणारी?”

“तीच आहे. पण हे तिचं नाही!”

वीस वर्षे मी मराठी शिकवते आहे. गाणे तेच, गाणारी तीच, आणि तरी ते तिचे नाही, हे कोडे मला कुठल्याही प्रश्नपत्रिकेत शोभले असते. मी तिला समोर बसवले आणि म्हटले, आता नीट सांग. तिने सांगितले, काही मी पुढे स्वतः शोधून वाचले, आणि बघता बघता माझ्या मुलीच्या वयाला शोभणाऱ्या त्या गाण्यांत मीच गुंतले.

गोष्ट अशी. ही अमेरिकन मुलगी पंधरा वर्षांची असताना, २००५ साली, नॅशव्हिलच्या ‘बिग मशीन’ या कंपनीशी करारबद्ध झाली. त्या करारात तिने सहा अल्बम केले. आता गाण्याचे हक्क दोन असतात. शब्द आणि चाल यांचा एक, आणि ध्वनिमुद्रणाचा दुसरा. पहिला तिच्याकडे राहिला, दुसरा कंपनीकडे. कवितेवर कवीचा हक्क, पण कवीने स्वतःच्या आवाजात वाचलेल्या कवितेची टेप दुसऱ्याच्या कपाटात आणि किल्ली त्याच्या कमरेला, असा हा प्रकार. २०१८ साली तिने ती कंपनी सोडली. २०१९ साली कंपनीच विकली गेली, ती स्कूटर ब्राउन या गृहस्थांच्या कंपनीला. त्यांच्याविषयी तिच्या मनात कडवटपणा होता, आणि तो तिने जाहीरपणे बोलून दाखवला. पुढच्याच वर्षी ती सारी ध्वनिमुद्रणे ‘शॅमरॉक’ नावाच्या एका गुंतवणूकदार कंपनीच्या हाती गेली. घरातली भांडी वाटणीत एका हातातून दुसऱ्या हातात जावीत तसे एका मुलीचे तारुण्य हातोहात गेले.

तिने रडगाणे गायले नाही असे नाही. पण नुसते तेवढे करून ती थांबली नाही. शब्द आणि चाल आपली आहे ना? मग तीच गाणी पुन्हा गायची, असे तिने ठरवले. कराराची मुदत संपताच ती कामाला लागली. ‘फिअरलेस’ आणि ‘रेड’ हे अल्बम २०२१ साली नव्याने आले, ‘स्पीक नाऊ’ आणि ‘१९८९’ २०२३ साली. प्रत्येकाच्या नावापुढे ‘टेलर्स व्हर्शन’ असा जणू सातबाराचा उतारा जोडलेला. आमच्या कन्येसारख्या जगभरच्या लाखो मुलींनी जुन्या प्रती ऐकणे सोडून दिले. सोवळे म्हणते ते हे.

या चौघांत मला धरून ठेवले ते ‘स्पीक नाऊ’ने. तो मुळात आला २५ ऑक्टोबर २०१० रोजी. ती तेव्हा पुरती एकवीस वर्षांचीही नव्हती. आधीच्या अल्बमांत तिच्याबरोबर इतर गीतकार असत. त्यामुळे, एवढीशी पोर काय लिहिणार, लिहिणारे दुसरेच असतील, अशी कुजबुज चाले. या वेळी मूळ अल्बममधली चौदाच्या चौदा गाणी तिने एकटीने लिहिली. दौऱ्यावर असताना अपरात्री काहीतरी सुचे आणि जवळ दुसरा गीतकार नसे, म्हणून एकटीने लिहीत गेले, असे ती तेव्हा सांगत असे. शंकेखोरांना उत्तर द्यायचे होते हेही खरेच.

ही गाणी म्हणजे न पाठवलेली पत्रे आहेत. ख्रिस्ती लग्नात पूर्वापार विचारतात, कुणाची हरकत असेल तर आत्ताच बोला, नाहीतर कायमचे गप्प बसा. त्यातले ‘आत्ताच बोला’ एवढेच तिने शीर्षकाला घेतले. वेळेवर जे बोलायचे राहून गेले ते या गाण्यांत बोलले आहे, असे तिने अल्बमसोबतच्या मजकुरातही लिहिले. स्वागत मोठे झाले. एकट्या अमेरिकेत पहिल्या आठवड्यात दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. त्याच वर्षी एका समारंभातल्या तिच्या गाण्यावर टीकाकारांनी झोड उठवली होती. त्यांनाही या अल्बममध्ये ‘मीन’ नावाच्या गाण्यातून उत्तर मिळाले आणि २०१२ साली त्याच गाण्याला दोन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. टीकाकाराला एवढे खणखणीत उत्तर मराठीत कुणी दिल्याचे मला आठवत नाही. आपल्याकडे फार तर पुढच्या आवृत्तीला प्रस्तावना लिहितात.

तर हे सारे वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी पुन्हा करायचे. करायचे कसे? क्रिस्टोफर रो हा ध्वनिमुद्रक तिच्या सोबत निर्मितीला बसला, साथीला तिच्या दौऱ्यांतले वादक आले. वाद्ये तीच, चाल तीच, गाण्यांचा क्रमही बहुतेक तोच. ‘फिअरलेस’च्या वेळी तिने सांगितले होते की आपले जुने गाणे ओळीओळीने ऐकायचे, आवाज कुठे वळला, कुठे चढला हे बघायचे, आणि जिथे सुधारता येईल तिथे सुधारायचे, अशी आपली पद्धत होती. माझ्यासारखीला हे ऐकताना पाठ्यप्रतींची तुलना आठवते. पण इथे दोन्ही प्रती एकाच हस्ताक्षरातल्या, आणि मध्ये तेरा वर्षांचे अंतर!

नवा अल्बम ७ जुलै २०२३ रोजी आला. जुन्या गाण्यांखेरीज पेटीत राहून गेलेली सहा गाणी तिने बाहेर काढली. एकूण बावीस झाली. अमेरिकेच्या यादीत तो पहिल्याच आठवड्यात पहिला आला. हा तिचा पहिल्या क्रमांकाचा बारावा अल्बम, आणि या बाबतीत तिने बार्ब्रा स्ट्रायसँड या ज्येष्ठ गायिकेला मागे टाकले. तरी ऐकणारे दोन गटांत विभागलेच. काही म्हणाले, आवाज आता भरदार, तयार झाला आहे. काही म्हणाले, तयार झाला हेच वाईट झाले. जुन्या गाण्यात रडू आवरून गाणारी जी मुलगी होती ती इथे सापडत नाही. मी दोन्ही ऐकले. (जुने ऐकले ते कन्या क्लासला गेल्यावर.) दोघांचेही खरे आहे. जुन्या गाण्यात दुःख घडते आहे, नव्यात ते आठवते आहे.

त्यांतल्या एका गाण्यापाशी खरा वाद झाला. ‘बेटर दॅन रिव्हेंज’ हे त्याचे नाव. आपला मित्र पळवणाऱ्या मुलीवर तिने ते रागारागाने लिहिलेले. त्याच्या ध्रुपदात त्या दुसऱ्या मुलीच्या चारित्र्यावर शिंतोडा उडवणारी एक ओळ होती. २०१४ सालीच एका मुलाखतीत तिने म्हटले होते की ते गाणे लिहिताना मी अठरा वर्षांची होते. त्या वयात वाटते की आपले माणूस कुणी हिरावून नेऊ शकते. मोठे झाल्यावर कळते की ज्याला जायचे नसते त्याला कुणीच नेऊ शकत नाही. नव्या अल्बममध्ये तिने ती ओळच बदलली. त्या आधी काही दिवस मिनिआपोलिसच्या जाहीर कार्यक्रमात तिने श्रोत्यांना विनवलेही होते की मी एकोणिसाव्या वर्षी कुणावर गाणे लिहिले असेल म्हणून तुम्ही आज त्या माणसाशी भांडायला जाऊ नका.

कन्या म्हणाली, “बरं झालं बदलली. वाईटच होती ती ओळ.”

तिची मैत्रीण म्हणाली, “पण काकू, मग ते खोटं नाही का? तेव्हा तिला तसंच वाटलं होतं ना?”

माझे मत मैत्रिणीच्या बाजूने पडले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, हे मी दरवर्षी वर्गात सांगते. पण त्यांनी दूर केल्या त्या नकलून घेणाऱ्यांच्या चुका. खुद्द कवीच खोडरबर घेऊन आला तर त्याला काय म्हणायचे? संहिता ती संहिता, असे मी दोघींना ऐकवले आणि चहा ठेवला.

मग २०२५ साली ३० मे रोजी बातमी आली की तिने आपल्या पहिल्या सहाही अल्बमांची मूळ ध्वनिमुद्रणे विकत घेतली. कन्येच्या डोळ्यांना पाणी आले. “आता दोन्ही तिचीच, आई!” सोवळे सुटले. माझ्या मनात मात्र निराळेच आले. दाम मोजून जो माल तिने घरी आणला त्यात ती जुनी ओळही आली. आता तीही रीतसर तिचीच.

हे सारे इथेच संपायचे. पण श्रावणात मला एक पत्र आले. मी जिथे शिकले त्या महाविद्यालयाची एक स्मरणिका निघत होती, आणि जुन्या वार्षिक अंकांतल्या निवडक लेखांत माझा १९९८ सालचा विनोदी लेख घेतला होता. सोबत त्याची प्रत आणि विनंती: “मजकूर एकदा नजरेखालून घालावा.”

घातला. वसतिगृहातल्या नमुन्यांवरचा तो लेख. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. त्यात माझ्या रूम-पार्टनरवर एक परिच्छेद आहे. ती खेड्यातून आलेली, हुशार, आणि त्या वर्षी एकांकिकेतली मुख्य भूमिका, जी मला हवी होती, ती तिला मिळालेली. मी लिहिले होते की हिचा अभिनय रंगमंचापेक्षा सरांच्या खोलीत अधिक खुलत असावा. सरांचा काही संबंध नव्हता, हे मला तेव्हाही ठाऊक होते. वाक्य मेसमध्ये मोठ्याने वाचले गेले. सगळ्या हसल्या. ती मला कधी काही बोलली नाही. पुढच्या सत्रात ती मामांकडे राहायला गेली आणि नाटकात पुन्हा उतरली नाही.

मी लाल पेन उचलले आणि वाक्यावर रेघ मारली. संहिता ती संहिता, हे त्या क्षणी मला आठवलेसुद्धा नाही! आठवले ते रेघ मारून झाल्यावर. मग दुसरा प्रश्न पडला: ही रेघ मी तिच्यासाठी मारली की आता चार लोकांत माझे नाव आहे म्हणून? त्याचे उत्तर मला एकटीला देता येईना. जुन्या मैत्रिणींकडून नंबर मिळवला आणि दोन दिवसांनी धीर करून फोन लावला.

ती आता एका तालुक्याच्या गावी मुख्याध्यापिका आहे. “अगं, तू!” म्हणून आनंदाने बोलली. मी विषय काढला. वाक्य कोणते ते सांगू लागले, तेव्हा मला थांबवून म्हणाली, “वाचू नकोस. पाठ आहे मला.”

काय बोलावे ते मला सुचेना. “मी चुकले,” म्हटले. “ते वाक्य मी काढून टाकतेय.”

“काढ. जरूर काढ. आजच्या पोरी वाचतील, त्यांना वाटेल असं लिहायचं असतं.” थोडे थांबून ती म्हणाली, “पण माझ्याकडची प्रत जुनीच राहणार हं. ती काही तुला बदलता यायची नाही.”

तिच्या आवाजात राग नव्हता. हिशेब सांगावा तसे तिने सांगितले. “मला माफ कर,” असे मी म्हटल्यावर “ऐकलं मी,” एवढेच म्हणाली. नंतर शाळेतल्या मुलींचे नाटक आपण दरवर्षी बसवतो, या वर्षी जिल्ह्यात दुसरे आले, असे बराच वेळ सांगत होती.

लेख मी ते वाक्य वगळून पाठवून दिला. ओळ बदलण्याचा हक्क लिहिणाऱ्याला आहे, एवढे आता मी मान्य करते; कदाचित ते कर्तव्यही असेल. पण बदललेली ओळ पुढच्यांसाठी असते. ज्याला लागायची त्याला जुनीच लागलेली असते, आणि तिचे स्वामित्व आपल्याकडेच राहते, कितीही पुन्हा गायले तरी.

त्या रात्री मी कन्येला म्हटले, “ते तुझं भांडणाचं गाणं लाव. जुनं लाव.”

“आई, त्यात ती ओळ आहे हं,” ती म्हणाली.

“असू दे,” मी म्हटले, आणि तिच्याजवळ जाऊन बसले.