दादांचा टेपर

आमच्या डोंबिवलीच्या घरी मागच्या पडवीत एक लेथ आहे. तो माझा नव्हे, दादांचा. दादा म्हणजे माझे वडील. परळच्या एका गिरणीच्या वर्कशॉपात ते टर्नर होते. १९८२च्या संपानंतर गिरणीचे दार त्यांना पुन्हा उघडले नाही. तेव्हा त्यांनी कुणाचा तरी जुना लेथ घेऊन तो पडवीत मांडला. ते गेल्यावर मी तो विकला नाही; पण निवृत्तीनंतर त्याला हात लावला, आणि घरात कुरबुर सुरू झाली. पोह्यांत लोखंडाचा कीस सापडल्यावर कोणती गृहिणी गप्प बसेल?

यंदा ड्रिल चक नवा आणला. जुन्याचे जबडे झिजले होते. नव्याचे भोक निराळे, म्हणून त्याला आर्बर करायचा होता. आर्बर म्हणजे निमुळता दांडा. तो टेलस्टॉकच्या भोकात नुसता ढकलला की घट्ट बसतो. ना आटे, ना खिळा. अमेरिकेतल्या मोर्सने १८६०च्या दशकात काढलेली ही युक्ती. दोन नंबरच्या मोर्स टेपरमध्ये वीस मिलिमीटर लांबीला व्यास जेमतेम एक मिलिमीटर उतरतो. उतार इतका मंद, म्हणूनच पकड बसते.

हा कोन एका बाजूला एक अंश आणि सुमारे सव्वीस कला. माझ्या लेथच्या वरच्या स्लाइडवर खुणा मात्र एकेका अंशाच्या! मी अंदाजाने स्लाइड फिरवली, टूलचे टोक बरोबर मध्याच्या उंचीवर आणले, कारण ते खाली-वर झाले की टेपर बिघडतो, आणि दिवसभर खपून दांडा कातला. त्यावर निळ्या रंगाच्या तीन रेघा ओढून तो भोकात हलकेच फिरवला. बाहेर काढून पाहतो तो जाड टोकाकडची निळाई तेवढी पुसलेली. म्हणजे कोन जास्त. असे तीन दांडे भंगारात गेले.

शेवटी दादांनी केलेला जुना आर्बर दोन सेंटरांमध्ये धरला, टूलच्या जागी डायल गेज बसवले आणि स्लाइड त्याच्या अंगावरून सरकवू लागलो. काटा हलला की स्लाइडला हलकी टिचकी द्यायची, पुन्हा सरकवायची. तासाभराने काटा थांबला. या टोकापासून त्या टोकापर्यंत जागचा हलला नाही. दादांकडे डायल गेज नव्हते. निळ्या रेघा होत्या, आणि धीर होता.

मला १९७९ साल आठवले. माझ्या लग्नाच्या बोलण्यात वडिलांचा व्यवसाय विचारला, तेव्हा मी 'सुपरवायझर' म्हणालो होतो. दादा शेजारीच बसले होते. ते काही बोलले नाहीत. चहाचा कप तेवढा खाली ठेवला. पुढे त्यांनी तो विषय कधी काढला नाही, आणि मीही नाही.

त्याच कोनात, हाताने सावकाश, न थांबता स्लाइड फिरवून नवा दांडा कातला. या खेपेला तिन्ही रेघा सबंध लांबीभर पुसल्या गेल्या. तळहाताने ढकलला तसा जो बसला, तो ओढून निघेना.

संध्याकाळी नात वही घेऊन आली. शाळेत घराण्याची माहिती मागितली होती.

"आजोबा, पणजोबा काय करायचे?"

"टर्नर होते," मी म्हणालो. "लिही. आणि ये, त्यांचे काम दाखवतो."