हवेचा काटा

‘जुन्या शास्त्रीय परिभाषेवर काहीतरी मनोरंजक लिहून द्यावे,’ असे संपादकांचे पत्र आले, तेव्हा त्यातील विशेषणानेच मी धास्तावलो. कारण या विषयात लोकांचे मनोरंजन कशाने होते, हे मला पुरते ठाऊक आहे. पदार्थविज्ञानाच्या अध्यापनातून निवृत्त झाल्यावर जुन्या मराठी शास्त्रग्रंथांतील शब्द टिपून ठेवण्याचा उद्योग मी आरंभिला, आणि तेव्हापासून कोल्हापुरात ज्या ज्या गृहस्थांशी या विषयावर बोलणे झाले, त्यांपैकी बहुतेकांनी आगगाडीच्या सिग्नलचा तो ‘अग्निरथा’पासून ‘लोहपट्टिके’पर्यंत धावणारा हातभर लांब समास एका दमात म्हणून दाखविला. मी पाहिलेल्या एकाही शास्त्रग्रंथात तो नाही. तो थट्टेसाठी रचला गेला, आणि पुढे त्या थट्टेलाच पुरावा म्हणून रुजू करण्यात आले.

ज्या नगरीत ही थट्टा चालते, त्याच नगरीत बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७–१९०६) यांनी राजाराम कॉलेजात शास्त्र शिकविता शिकविता रसायन व पदार्थविज्ञान या विषयांवर मराठीत ग्रंथ रचिले. परंतु त्यांचे नाव आज निघालेच, तर ते कोल्हापूर संस्थानाच्या इतिहासाचे लेखक म्हणून निघते. त्यांच्या आधीच्या पिढीतील केरो लक्ष्मण छत्रे कुलाब्याच्या वेधशाळेत ऑर्लिबार साहेबांच्या हाताखाली कोवळ्या वयात वेध घेऊ लागले होते. ज्याने पाऱ्याची उंची स्वतः वाचली, त्याला त्या उंचीसाठी शब्द हवा असतो. ज्याने ती केवळ पुस्तकात पाहिली, त्याचे कोणत्याही शब्दावाचून अडत नाही.

आता थोडे तांत्रिक लिहिणे भाग आहे. वाचकांनी कंटाळा आल्यास हा परिच्छेद खुशाल गाळावा. जुन्या पुस्तकांत थर्मामीटरला सर्रास ‘उष्णतामापक’ म्हटलेले आढळते, आणि आजचे विद्वान यावर नाक मुरडतात की, हे यंत्र उष्णता मोजतच नाही, तापमान मोजते. आक्षेप खरा आहे. ठिणगीचे तापमान घंगाळभर कोमट पाण्याहून कितीतरी अधिक असते, पण उष्णता त्या पाण्यातच अधिक. आणि बर्फ वितळत असता बाहेरून उष्णता सारखी आत जात असूनही, सर्व बर्फ वितळेपर्यंत पारा शून्य अंशावरून तसूभरही हलत नाही. ही अप्रकट उष्णता जोसेफ ब्लॅकने अठराव्या शतकात ओळखली. परंतु जुन्या ग्रंथकारांस हा भेद अवगत नव्हता, असे यावरून अनुमान काढणे अन्यायाचे आहे. त्यांच्यापाशी तापमानासाठी ‘उष्णमान’ हा नेटका शब्द होता, आणि यंत्राचे नाव म्हणजे त्याची व्याख्या नव्हे, हे ते जाणून होते. सूक्ष्मदर्शकातून दिसते ते सूक्ष्म नसते, मोठेच दिसते. त्यावर मात्र कोणी फिर्याद करीत नाही! या मुद्द्यावर मी अनेक सभांतून भांडलो आहे आणि श्रोते घड्याळाकडे पाहू लागल्याचेही माझ्या दृष्टीस पडले आहे. तेव्हा हे प्रकरण येथेच थांबवितो.

कोणता शब्द जगावा, हे समित्या ठरवितात असा सार्वत्रिक समज आहे. तो मला मान्य नाही. यंत्र ज्याच्या हाती जाते, त्याच्या तोंडी शब्द राहतो. गवंड्याचे गुण्या, ओळंबा आणि पाणसळ यांना कोणी मान्यता दिली नव्हती. मोजणी खात्यातील ‘शंकुसाखळी’ कागदोपत्री टिकली ती तेहतीस फुटी साखळीमुळे, जिचा एक चौरस म्हणजे एक गुंठा. पंचांगकर्ते पावसासाठी अद्याप ‘आढक’ लिहितात. वराहमिहिराने हातभर रुंदीच्या कुंडात पाणी साठवून ते आढकांत मोजण्याची रीत सांगितली आहे. ते कुंड गेले, आणि आढक भाकितापुरता उरला. उलट तालुक्याच्या कचेरीतील ‘पर्जन्यमापक’ गगनबावड्याला रोज सकाळी वाचला जातो, म्हणून तो शब्द कोणाला जड वाटत नाही. आणि रसायनाच्या मराठी परिभाषेला ज्यांना हसावयाचे आहे, त्यांनी शिरोळ-हातकणंगल्याकडच्या एखाद्या खतांच्या दुकानात उभे राहावे. उसाच्या लागणीसाठी आलेला शेतकरी नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द किती सहज उच्चारतो, ते ऐकू येईल. वायुभारमापकाचे दुर्दैव इतकेच की तो शाळेच्या कपाटात कुलूपबंद राहिला.

या कपाटावरूनच एक प्रकरण आठवते, जे मला अद्याप छळते आहे. एका जुन्या शाळेच्या जडवस्तूंच्या नोंदवहीतील यंत्रे ओळखून द्यावीत, म्हणून तेथील एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. कारकुनाने लंबक, लोहचुंबक, वातकुक्कुट अशी शुद्ध नोंद करून एका ओळीत नुसते ‘हवेचा काटा, नग १’ असे लिहिले होते. वस्तू केव्हाच गहाळ. वातकुक्कुट स्वतंत्र नमूद असल्यामुळे वाऱ्याची दिशा दाखविणारे यंत्र बाद झाले. राहिला, १८४४ साली विदी नामक फ्रेंच गृहस्थाने काढलेला, निर्वात डबीच्या आकुंचन-प्रसरणाने काटा फिरविणारा बिनपाऱ्याचा वायुभारमापक. किंवा हवेलाही वजन असते हे दाखविण्याचा तराजू, कारण आपल्याकडे काटा दोहोंनाही म्हणतात.

माझा कल पहिल्याकडे आहे, आणि त्याला एक वात्रट कारण आहे. विलायती तबकडीवर एकतीस इंचांपाशी ‘अतिकोरडे’ आणि अठ्ठावीसपाशी ‘वादळ’ या अर्थाचे शब्द छापलेले असत. ते समुद्रसपाटीच्या हिशोबाने. कोल्हापूर साडेपाचशे मीटर उंचीवर असल्यामुळे येथे हवेचा दाब मुळातच अठ्ठावीस इंचांच्या आसपास असतो. मागचा स्क्रू फिरवून यंत्र स्थलानुरूप लावले नाही, तर चैत्रातल्या लख्ख उन्हातही ते बिचारे वादळच दाखवीत राहणार. आणि असे यंत्र निकामी ठरवून कोणीतरी बाहेर काढले असेल, हे अगदी संभवनीय आहे. शिक्षिकाबाईंना हा तर्क आवडला, पण त्यांना रकान्यात एकच नाव भरावयाचे आहे. त्याच पानावर पुढेमागे ‘वजनांची पेटी’ अशी नोंद आहे का, एवढे पाहावयास मी त्यांना सांगितले आहे. असल्यास तराजूचा पक्ष बळावेल, आणि माझ्या वादळाचा पक्ष मला सोडावा लागेल. नोंदवही सध्या दिवाळीच्या सुटीमुळे कुलपात आहे.