माझा लाडका संघ

मुलांनो, अमेरिकेतला गोल्डन स्टेट वॉरियर्स हा माझा लाडका बास्केटबॉल संघ! २०१५ पासून सलग पाचदा तो एनबीएच्या अंतिम फेरीत गेला, तीनदा अजिंक्य ठरला. पण मला आठवते ती २०१९ च्या अंतिम फेरीतली सहावी लढत. क्ले थॉम्पसन उडी मारून खाली आला अन् त्याचा गुडघाच गेला. सोबत्यांच्या आधारानं तो आत निघाला होता. पण त्याचे दोन फ्री थ्रो बाकी होते. नियम असा, की ते न टाकता गेला तर पुन्हा मैदानात यायचं नाही. पठ्ठ्या लंगडत परत आला अन् दोन्ही चेंडू बास्केटमध्ये! सामना मात्र टोरंटोनं जिंकला.

पुढं सगळी घसरगुंडीच. स्टीफन करीचा हात मोडला. त्या हंगामात १५ विजय, ५० पराभव. तीस संघांत तळाला! घरचे म्हणत, "बदल की आता संघ!" मी कसला बदलतोय?

क्ले परतला तो ९४१ दिवसांनी, जानेवारी २०२२ मध्ये. तोवर जॉर्डन पूलसारखी नवी पोरं तयार झाली होती. त्याच जूनमध्ये बोस्टनला हरवून वॉरियर्स पुन्हा अजिंक्य! आपल्याकडे तेव्हा शुक्रवारची सकाळ होती. शाळेत हजेरी घेताना दुसरीतल्या एका चिमुरडीनं विचारलंच, "गुरुजी, आज तुमचा वाढदिवस आहे का?"