सपाटी, घाट आणि आचके देणारी गाडी

ख्राइस्टचर्चचा नकाशा पाहिला की वाटतं, कुणीतरी गाड्या तपासण्यासाठीच हे शहर आखलं असावं. पश्चिमेला कँटरबरीचं मैदान, इतकं सपाट की रिकार्टनहून विमानतळापर्यंत जाताना गाडीला चढ म्हणजे काय ते ठाऊकच होत नाही. दक्षिणेला पोर्ट हिल्स. कॅशमिअरहून डायर्स पास रोडने ‘साइन ऑफ द टाकाहे’ ओलांडून ‘साइन ऑफ द किवी’पर्यंत चढायचं म्हणजे आपला छोटासा खंबाटकीच! आणि वायव्येला ७३ नंबरचा हायवे. स्प्रिंगफिल्ड सुटलं की ९३९ मीटरचा पोर्टर्स पास, पुढे ९२० मीटरचा आर्थर्स पास. ज्या खिंडीच्या नावाने रस्ता ओळखतात तिच्यापेक्षा अलीकडची खिंडच उंच. सपाटीवर गुण्यागोविंदाने नांदणारी गाडी या चढांवर खरे रंग दाखवते.

आपल्यापैकी बऱ्याच जणांची इथली पहिली गाडी जपानमध्ये वापरून झालेली असते. जपानमध्येही गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, आणि १९९८ साली न्यूझीलंडने मोटारींवरचं आयात शुल्क काढून टाकलं. त्याच वर्षी इथले जोडणीचे उरलेसुरले कारखानेही बंद झाले. त्यामुळे गाडी स्वस्त मिळते, पण माहितीपुस्तक जपानीत, आणि किल्ली फिरवली की एक जपानी बाई गोड आवाजात काहीतरी बजावते. काय बजावते ते देव जाणे!

गेल्या हिवाळ्यात आमच्या भाच्याचा फोन आला. नवं बिऱ्हाड, बायको नर्स, तिची ड्यूटी भल्या पहाटेची. “मामा, गाडी चढाला आचके देते. गॅरेजवाला म्हणतो गिअरबॉक्स गेला. खर्च सांगितलाय तो गाडीच्या किमतीहून जास्त. भंगारात काढू का?” म्हटलं, “अरे थांब. आधी हिसका नेमका कुठून येतो ते बघू.”

पहिला प्रश्न ख्राइस्टचर्चचा खास. हादरा गाडीचा की रस्त्याचा? ४ सप्टेंबर २०१० आणि २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपांनी पूर्वेकडच्या वस्त्यांतली जमीन पातळ होऊन खचली, रस्ते उंचसखल झाले. तेव्हा चांगल्या रस्त्यावर परीक्षा घ्यायची. ठराविक वेगाला पाय काढला तरी थरथर तशीच राहिली, तर बहुधा चाकांचं बॅलन्सिंग. पाय दाबल्यावरच थरथर आणि पाय काढताच शांत, तर दोष ताकद चाकांपर्यंत पोचवणाऱ्या साखळीत. तिथे संशयित चार: इंजिनचं प्रज्वलन, इंजिनची माउंटिंग, ॲक्सलचा आतला सीव्ही जॉइंट आणि गिअरबॉक्स.

सीव्ही जॉइंटची थरथर गाडीच्या वेगाबरोबर वाढते, इंजिनची इंजिनच्या फेऱ्यांबरोबर. माउंटिंग गेलं असेल तर पाय दाबताच इंजिन उचलून आपटल्यासारखा दणका बसतो. बिनगिअरच्या पट्टा-पद्धतीच्या, म्हणजे सीव्हीटी गाड्या जपानहून खूप येतात. त्यांना त्यांचंच खास तेल लागतं. कुणी साधं ऑटोमॅटिकचं तेल ओतलं असेल तर त्याही थरथरतात. म्हणून गिअरबॉक्स बदलायच्या गोष्टी करण्याआधी त्यात कुठलं तेल आहे ते विचारायचं.

रविवारी डायर्स पास रोड चढलो. सपाटीवर गाडी लोण्यासारखी. चढावर कमी फेऱ्यांत पाय दाबला की तुटक तुटक आचके, आणि इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकू लागला. पुण्यातला मिस्त्री ऐकताक्षणी म्हणाला असता, “साहेब, गाडी मिसिंग करतेय!” साध्या स्कॅनरशी प्रत्येक जपानी गाडी बोलेलच असं नाही, पण ही बोलली. कोड आला पी ०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये ठिणगी किंवा ज्वलन चुकतंय.

सपाटीवर का नाही, चढावरच का? पाय दाबला की सिलिंडरमध्ये जास्त हवा भरते, दाब वाढतो, आणि दाटलेल्या हवेतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. रिकामी पाटी कुणीही उचलतं. वाळू भरली की कुणाची पाठ अधू आहे ते कळतं. अधू कॉइल तिथेच कच खाते.

मग बिनखर्चाची परीक्षा. इंजिन थंड झाल्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या इग्निशन कॉइलची अदलाबदल केली, कोड पुसला, पुन्हा तोच चढ चढलो. आता कोड आला पी ०३०३. दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे चोर सापडला. कोड हलला नसता तर स्पार्क प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन अशी पाळी होती. नवी कॉइल आणि चार नवे प्लग घातले. गिअरबॉक्सला हातही लावावा लागला नाही.

दिवा लुकलुकत असताना “चालतेय तोवर चालवू” म्हणू नये. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो तापून निकामी होतो. स्वस्तातलं दुखणं महाग होतं. शिवाय आर्थर्स पासच्या वाटेवर बऱ्याच पट्ट्यांत मोबाइलला रेंज नसते. मागे ट्रक, शेजारी दरी आणि पिकअप नाही, ही वेळ पोराबाळांसह येऊ देऊ नये.

नव्याने आलेल्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. गॅरेजवाल्याला “काय बिघडलंय?” एवढंच न विचारता “कशावरून?” हेही विचारा. चाचणी सांगता आली नाही तर दुसरीकडे दाखवा. इथे त्यात कुणाचा अपमान होत नाही. आणि गाडी व्यापाऱ्याकडून घेतली असेल तर १९९३ चा ग्राहक हमी कायदा तुमच्या बाजूने आहे. वाद मिटला नाही तर मोटार वाहन तंटा न्यायाधिकरणाकडे जाता येतं. खासगी माणसाकडून घेतलेल्या गाडीला मात्र हा कायदा लागत नाही. म्हणून पैसे मोजण्याआधी ती गाडी एकदा डायर्स पास रोडवर नेऊन आणा. विकणारा नको म्हणाला, तर तेही एक उत्तरच समजा.