फोन उचलणाऱ्यांची शिकवणी

माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी पुण्यात एका खासगी रुग्णवाहिका सेवेच्या फोन कक्षात काम करते. पाच वर्षे झाली. बी.कॉम. झाल्यावर बँकेच्या परीक्षा देता देता तात्पुरती म्हणून धरलेली नोकरी तिला आवडून गेली. रात्रपाळी असते म्हणून आपांनी सुरुवातीला बरीच कुरकुर केली. नात्यातल्या दोघी-तिघींनीही ऐकवून घेतले. मग नात्यातल्याच एका बाळंतिणीला रात्री अडीच वाजता गाडी मिळाली, तीही हिनेच पाठवलेली. तेव्हापासून बोलणाऱ्या गप्प आहेत.

यंदा रमजानमध्ये ती दोन दिवसांसाठी आमच्याकडे सोलापूरला आली ती डोक्याला हात लावूनच. त्यांच्या कक्षात आजवर सगळे काम रजिस्टर, भिंतीवरचा शहराचा नकाशा आणि एका पांढऱ्या फळ्यावर चालत आले. आता त्या जागी नवे सॉफ्टवेअर येणार. फोन वाजताच नंबर आपोआप पडद्यावर दिसेल, गाड्या नकाशावर हलताना दिसतील, जवळची गाडी कोणती ते संगणकच सुचवेल आणि ड्रायव्हरच्या मोबाइलवर पत्ता जाऊन पडेल. वरिष्ठांनी हिला बोलावून सांगितले, तू तरुण आहेस, कॉम्प्युटर जाणतेस, बाकीच्या अकरा जणांना तूच तयार कर. मुदत सहा आठवडे.

"खालाजान, तुम्ही बी.एड. केलंय," ती म्हणाली, "मोठ्या माणसांना शिकवायचं कसं ते सांगा."

मी उर्दू शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. माझे विद्यार्थी बारा-तेरा वर्षांचे. पण आमच्या शाळेत हजेरी आणि मुलांची माहिती ऑनलाइन भरायची वेळ आली, तेव्हा स्टाफरूममध्ये काय झाले ते मी पाहिलेले आहे. ज्यांच्या उर्दू अक्षराकडे बघत राहावे अशा आमच्या एक बाजी माऊसला हात लावायला तयार नव्हत्या. त्यांना संगणकाची भीती नव्हती. पोरांसमोर आणि कालच्या शिक्षकांसमोर आपण अडाणी दिसू, याची होती. भाचीने अकरा जणांची माहिती सांगितली तेव्हा त्यातही मला एक तसे गृहस्थ दिसले. सगळे त्यांना काका म्हणतात. वीस वर्षे रुग्णवाहिका चालवली, गुडघे गेल्यावर फोनवर आले. पुण्याच्या पेठांतला कोणता बोळ रात्री गाड्या लावून बंद असतो, कोणत्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही, हे त्यांना पाठ. नव्या यंत्रणेची बातमी आल्यापासून ते एकच वाक्य बोलत होते, "आता आम्हाला घरी बसवा."

मी भाचीला लगेच काही सांगितले नाही. इंग्रजीचा माझा वेग कमी आहे, तरी तरावीहनंतर बसून असे बदल इतर ठिकाणी कसे झाले ते वाचत गेले. त्यात लंडनची हकीकत सापडली. ती मी तिला सविस्तर सांगितली आणि इथेही सांगते.

संकटकाळी एकच सोपा नंबर फिरवायचा ही पद्धत मुळात लंडनचीच. १९३५ मध्ये तिथे एका घराला आग लागून पाच स्त्रिया मरण पावल्या. शेजारी अग्निशमन दलाला फोन लावत होता, पण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्याचा फोन इतर फोनांच्या रांगेतच अडकून राहिला. त्याने संतापून वर्तमानपत्राला पत्र लिहिले, चौकशी झाली आणि ३० जून १९३७ रोजी '९९९' सुरू झाला. तो फोन आला की एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागे आणि भोंगा वाजे. भोंगा इतका कर्कश होता की तो सौम्य करायला त्याच्या तोंडात टेनिसचा चेंडू कोंबावा लागला. भाचीला हे फार आवडले. म्हणाली, आमच्याकडेही कुणीतरी चेंडू शोधणारच.

पुढे १९९२. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेला तेव्हा रोज दोन ते अडीच हजार फोन येत. फोन घेणारा माणूस कागदावर माहिती लिहायचा, नकाशाच्या पुस्तकातून जागा शोधायचा, कागद सरकत्या पट्ट्यावर टाकायचा. पुढचा माणूस एकाच अपघाताचे दोन फोन आलेत का ते बघायचा आणि त्या-त्या भागाच्या टेबलाकडे कागद द्यायचा. तिथला माणूस कोणती गाडी कुठे आहे ते जाणून रेडिओवरून किंवा फोनवरून तिला पाठवायचा. हे सगळे तीन मिनिटांत व्हावे अशी अपेक्षा होती. पद्धत संथ होती, कागद हरवायचे, हे खरेच. म्हणून ठरले की गाडी निवडण्यापर्यंतचे काम संगणकाने करायचे.

२६ ऑक्टोबर १९९२ रोजी सगळे शहर एकदम नव्या यंत्रणेवर टाकले गेले. प्रोग्राममधल्या कितीतरी त्रुटी आधीच माहीत होत्या, तरी. कक्षातली टेबले हलवली होती. वर्षानुवर्षे शेजारी बसून एकमेकांना विचारत काम करणारी माणसे वेगवेगळी बसली. कागद बंद.

संगणकाला गाडी कुठे आहे आणि मोकळी आहे की नाही हे अचूक कळले तरच तो योग्य गाडी निवडणार. गाडीतल्या लोकांनी प्रत्येक टप्प्याला एक बटण दाबायचे होते. घाईत कुणी चुकीचे दाबले, कुणी उलट क्रमाने दाबले, कुठे रेडिओ पोहोचला नाही, कुणी नेमून दिलेली गाडी सोडून दुसरीच घेऊन गेले. संगणकाच्या मनातले लंडन आणि खरे लंडन यांच्यात अंतर पडत गेले. एका ठिकाणी दोन गाड्या, दुसरीकडे एकही नाही. उशीर झाला म्हणून लोकांनी पुन्हा फोन केले, त्यांच्या नव्या नोंदी झाल्या. 'इकडे लक्ष द्या' असे इशारे पडद्यावर इतके साचले की जुने वर सरकून दिसेनासे झाले. पूर्वी हा गोंधळ टेबलावरचा माणूस सावरून घेत असे. आता त्याच्या हातात काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धे काम पुन्हा माणसांकडे दिले, तेव्हा थोडे सावरले. मग ४ नोव्हेंबरला पहाटे दोनच्या सुमारास यंत्रणा मंदावली आणि थिजली. प्रत्येक गाडी पाठवताना संगणकाची थोडी स्मृती वापरून ती परत मोकळी न करणारा एक तुकडा प्रोग्राममध्ये राहून गेला होता, तो तीन आठवडे थेंबथेंब साचत आला होता. पर्यायी यंत्रणाही चालू झाली नाही. शेवटी कागदच काढले. या दिवसांत वीस-तीस माणसे उशिरामुळे गेली असे तिथल्या वर्तमानपत्रांनी छापले, ते सिद्ध झाले नाही. सेवेच्या प्रमुखांनी राजीनामा दिला.

चौकशीचा अहवाल फेब्रुवारी १९९३ मध्ये आला. मला त्यातला प्रशिक्षणाचा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटला. यंत्रणा येण्याच्या फार आधी लोकांना शिकवले गेले, तारीख पुढे ढकलली गेली आणि शिकलेले विसरले. फोन घेणाऱ्यांना वेगळे शिकवले, गाडीवाल्यांना वेगळे. दोघांनी मिळून एकदाही सराव केला नाही. शिक्षकाला हे सांगायला नको. मे महिन्यात प्रशिक्षण घेऊन दिवाळीनंतर तो धडा शिकवायला घेतला की वहीतली आपलीच टिपणे आपल्याला परकी वाटतात.

त्याच सेवेने जानेवारी १९९६ मध्ये पुन्हा नवी यंत्रणा आणली. या वेळी ती आपल्याच लोकांनी बनवली, तयार होत असताना फोनवरच्या कर्मचाऱ्यांना पुन्हा पुन्हा दाखवली, त्यांच्या सांगण्यावरून बदलली आणि तुकड्या-तुकड्याने आणली. ती चालली.

भाचीने हे ऐकून वहीत टिपणे काढली आणि मग आमची खरी शिकवणी सुरू झाली. आधी मी तिला म्हटले, बटणे नंतर. तुमच्या लोकांना रोज अडचण कशाची येते ते विचार आणि नव्या यंत्रणेत त्या अडचणीचे काय होते तेवढेच पहिल्या दिवशी दाखव. दुसरे, काकांना विद्यार्थी म्हणून बसवू नकोस. नकाशात त्यांचे ज्ञान भरून घ्यायचे काम त्यांना दे. बंद बोळ, न मावणाऱ्या लिफ्ट, आणि लोक ज्या नावाने जागा ओळखतात ती नावे. आपल्या वस्त्यांत पत्ता म्हणजे 'दर्ग्याच्या मागं, पाण्याच्या टाकीपाशी, हिरवं गेट'. संगणकाच्या यादीत त्या गल्लीचे नाव भलतेच कुणा पुढाऱ्याचे असते, जे तिथे राहणाऱ्यांनाही ठाऊक नसते. तिसरे, ड्रायव्हरांना सोबत घेतल्याशिवाय एकही तास घ्यायचा नाही.

मग आला भाषेचा प्रश्न, जिथे मी थोडी कामाची होते. नव्या पडद्यावर तक्रार निवडायची ठरावीक यादी आहे. छातीत दुखणे, श्वास लागणे, बेशुद्ध, अपघात, प्रसूती. पण फोन करणारी बाई यादीतले शब्द बोलत नाही. ती म्हणते, "दिल घबरा रा", "सीने पे वजन रख्या सरका", "जीव कसनुसा होतोय", "हातपाय गार पडलेत". हृदयविकाराच्या झटक्यात प्रत्येकाच्या छातीत कळ येतेच असे नाही. मधुमेह असलेल्यांत आणि बायकांत नुसता दम लागणे, घाम फुटणे, मळमळणे एवढेच असू शकते. म्हणजे 'घबराहट' ऐकून कुणी 'किरकोळ' निवडले तर मशीन इमानेइतबारे ती गाडी मागे टाकणार. मी आणि भाचीने दोन संध्याकाळी बसून दखनी, मराठी आणि उर्दू बोलीतले असे साठ-सत्तर शब्दप्रयोग लिहून काढले. कोणत्या शब्दानंतर कोणता पुढचा प्रश्न विचारायचा, हे तिच्या कक्षाच्या डॉक्टरांनी ठरवून दिले. ते काम आमचे नव्हे.

सरावाचे फोन आम्ही घरूनच केले. भाची पुण्याला परतली, नवी यंत्रणा चाचणीवर लागली आणि रोज अर्धा तास मी, माझा मुलगा आणि अम्मी आलटून पालटून रुग्णाचे नातेवाईक झालो. अम्मींचे वय चौऱ्याहत्तर. त्यांना सांगितले होते की शेजारचे चाचा पडलेत असे सांगायचे. अम्मींनी फोनवर आधी नातीला विचारले, सहेरी केलीस का. मग चाचांचा सगळा आजार सांगितला, त्यांच्या सुनेचा स्वभाव सांगितला आणि पत्ता विचारल्यावर म्हणाल्या, "अगं, तुला माहीत नाही का?" पलीकडे काका बसले होते. भाची सांगते, त्यांनी खूण करून फोन स्वतःकडे घेतला आणि अगदी हळू विचारले, "आपा, दारातून बाहेर पाहिलं की समोर काय दिसतं?" अम्मींनी मशीद सांगितली, पिठाची गिरणी सांगितली. काकांनी ते पडद्यावर टाइप केले, एका बोटाने. त्या दिवसानंतर हा प्रश्न सर्वांच्या यादीत आला.

आपल्या घरातल्यांसाठी थोडे सांगायचे राहिले. आपल्या राज्यात १०८ वरची सरकारी रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. पोलीस, आग आणि वैद्यकीय मदत या सर्वांसाठी देशभर ११२ हा एकच नंबर आहे. तो २०१८ मध्ये हिमाचल प्रदेशापासून सुरू झाला आणि त्याला पैसा निर्भया निधीतून मिळाला. महाराष्ट्रात त्याचे फोन नवी मुंबई आणि नागपूरच्या केंद्रांत घेतले जातात. म्हणजे तुमचा फोन घेणाऱ्या मुलीने तुमची गल्ली कधी पाहिलेली नसणार. तेव्हा आधी गाव आणि जिल्हा सांगा, मग खूण, मग काय झाले ते. ती प्रश्न विचारते म्हणून चिडू नका, तिने सांगेपर्यंत फोन ठेवू नका. २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या मोबाइलमध्ये मदतीचे बटण असावे असा नियम आहे. साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचा, स्मार्टफोनवर चालू-बंद करायचे बटण लागोपाठ तीनदा. आपल्या फोनमध्ये ते कसे आहे ते घरातल्या पोरांकडून तपासून घ्या. घरात दिवसभर एकट्या असणाऱ्या बायकांनी पत्ता आणि खुणा एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवाव्यात. आमच्याकडे तो उर्दू आणि मराठी दोन्हीत आहे, कारण घाबरल्यावर अम्मींना उर्दूच वाचता येते आणि शेजारणीला मराठीच.

भाचीने तिच्या वरिष्ठांकडे दोन मागण्या केल्या होत्या. एक, सगळे काम एका दिवसात नव्या यंत्रणेवर न टाकता आधी फक्त फोनची नोंद तिथे करावी, गाडी काही आठवडे माणसांनीच निवडावी. दोन, जुने रजिस्टर आणि फळा कक्षातून हलवू नये. रजिस्टर ठेवायला परवानगी मिळाली. पहिल्या मागणीवर कंपनीचा माणूस म्हणाला की दोन पद्धती एकत्र चालवल्या तर खर्च वाढतो, वर विचारून सांगतो. काकांनी अजून राजीनामा दिलेला नाही. ईदला भाचीने फोन केला तेव्हा ती पाळीवरच होती. शिरखुर्मा डब्यात घेऊन गेली होती आणि मागे कुणाचा तरी फोन वाजत होता, म्हणून तिने आमचा ठेवला.