शाळेतला मुक्काम : बॉथेलची दैनंदिनी

पहिला दिवस

सिॲटलच्या ईशान्येला, लेक वॉशिंग्टनच्या उत्तर टोकापाशी समामिश नदीच्या काठी बॉथेल वसलेलं आहे. गावात शिरताना स्वागताची पाटी लागते. एका दिवसासाठी या किंवा आयुष्यभरासाठी, असं ती सांगते. डेव्हिड बॉथेल यांनी इथल्या जमिनीचे आखीव भूखंड पाडले ते १८८९ मध्ये आणि गावाला नगरपालिका मिळाली १९०९ मध्ये. पैठण किंवा जुन्नरच्या माणसाला एवढ्याशा वयाच्या गावात 'ऐतिहासिक' म्हणण्याजोगं काय असणार, असं वाटेल. पण इतिहास नुसत्या वर्षांनी मोजला तर या गावावर अन्याय होईल. इथे लाकूड तोडलं जायचं, छपरांच्या फळ्या कापल्या जायच्या आणि तो माल नदीतून बोटींनी जायचा. १९१६ मध्ये जहाजी कालव्यासाठी लेक वॉशिंग्टनची पातळी सुमारे नऊ फुटांनी खाली आणली गेली, नदी उथळ झाली आणि बोटी थांबल्या. त्याआधीच सिॲटलकडे जाणारा लाल विटांचा रस्ता झाला होता, त्यामुळे गावाचा जीव धक्क्यावरून रस्त्यावर सरकला. एका माणसाच्या हयातीत गावाचं केंद्र असं हललं. अशा गावात जे थोडं जागच्या जागी राहिलं, त्याचं मोल जास्तच धरायला हवं.

दुसरा दिवस

गावाच्या मध्यावरचं अँडरसन स्कूल हे आजचं हॉटेल १९३१ साली शाळा म्हणून बांधलं गेलं. इमारत आर्ट डेको शैलीतली आहे. मुंबईत मरीन ड्राइव्हच्या इमारतींची जी शैली, तीच. पुढे इथल्या शाळांचे अधीक्षक डब्ल्यू. ए. अँडरसन यांचं नाव तिला मिळालं. शाळा बंद झाल्यावर सुमारे १८ एकरांचा हा सगळा पट्टा बॉथेल नगरपालिकेने शाळांच्या मंडळाकडून विकत घेतला आणि त्यातला शाळेचा भाग पोर्टलंडच्या मॅकमेनामिन्स कंपनीच्या हाती दिला. ऑक्टोबर २०१५ मध्ये ७२ खोल्यांचं हॉटेल उघडलं. सोबत चित्रपटगृह, खाण्यापिण्याच्या जागा, बिअरची भट्टी आणि पोहण्याचा तलाव आहे.

आपल्याकडच्या पंचतारांकित कल्पनेत बसणारं हे हॉटेल नव्हे. संगमरवर नाही, फेटेवाला दरबान नाही. इथली श्रीमंती आहे ती उंच छताची, वर्गभर मुलांच्या डोळ्यांना पुरावा म्हणून आत घेतलेल्या उजेडाची आणि जाड भिंतींची. आज कोणी नवं हॉटेल बांधायला घेतलं तर एका खोलीसाठी एवढी जागा सोडणार नाही. वर्गखोल्यांचं हॉटेल सुबक होतं, त्यामागे साधं गणित आहे : मधे लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना दारं. हीच कंपनी याआधी पोर्टलंडमध्ये हे करून बसली होती. १९१५ साली बांधलेल्या केनेडी स्कूलचं हॉटेल तिने १९९७ मध्ये उघडलं. त्याआधी एका जुन्या अनाथ-गरिबांच्या शेतवसाहतीचंही तिने एजफील्ड नावाचं हॉटेल केलं आहे.

यावरचा पहिला आक्षेप मराठी मनाला लगेच सुचतो. जिथे पाटीवर अक्षरं गिरवली गेली, तिथे दारूचा पेला? इथल्या एका मद्यालयाचं नावच मुख्याध्यापकांचं कार्यालय असं आहे. हा आक्षेप मी हलका मानत नाही. शाळेबद्दलचा आदर नुसत्या सवयीचा नसतो. पिढ्यांनी तिथे काही तरी ठेवलेलं असतं. पण आदर कशाचा, हे नीट पाहावं लागतं. विटांचा असेल तर विटा टिकल्या आहेत. आठवणींचा असेल तर खोल्यांना या गावाशी नातं असलेल्या माणसांची नावं देऊन त्यांच्या गोष्टी भिंतींवर आणल्या आहेत. शिकवण्याच्या कामाचा असेल, तर ते काम कधीच नव्या इमारतींत गेलं होतं. हॉटेल आलं तेव्हा इथे चालू शाळा नव्हती, रिकामी इमारत होती. हॉटेल की शाळा, अशी निवड गावापुढे आलीच नाही. निवड होती ती हॉटेल की बुलडोझर, अशी.

तिसरा दिवस

त्याहून जड आक्षेप मालकीचा आहे. लोकांच्या पैशाने बांधलेली शाळा खाजगी कंपनीला का द्यायची? ज्याला खोलीचं भाडं परवडतं त्याच्यासाठी आख्खं गाव इतिहास जपत बसणार का? शहराच्या जुन्या भागात उभ्या राहणाऱ्या प्रत्येक महागड्या हॉटेलला हा प्रश्न विचारायला हवा, आणि बहुतेक हॉटेलांकडे त्याचं उत्तर नसतं. मुंबईचं ताज १९०३ मध्ये उघडलं. तेव्हापासून त्याच्या घुमटाकडे पाहणाऱ्यांतले फार थोडे आत गेले असतील. घुमट सगळ्यांचा, आतलं घर मूठभरांचं.

बॉथेलमध्ये हे वेगळं घडलं ते कोणाच्या चांगुलपणामुळे नव्हे, करारामुळे. शाळेशेजारी सार्वजनिक तलाव होता. नगरपालिकेने हस्तांतर करताना अट घातली की कंपनीने तो दुरुस्त करून चालवायचा आणि बॉथेलच्या रहिवाशांना पंधरा वर्षं त्यात मोफत पोहू द्यायचं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. चित्रपटगृहाचं तिकीट काढणारा, आवारातून चालत जाणारा, तलावात उतरणारा, या कोणाच्याही हातात खोलीची किल्ली नसते. इतिहास जपणारं हॉटेल खरोखर गावाचं आहे का, हे खोलीशिवाय किती माणसं आत येतात यावर ठरवावं. माझा सगळा युक्तिवाद या एका कसोटीवर उभा आहे.

चौथा दिवस

मेन स्ट्रीट. २२ जुलै २०१६ रोजी शेजारी बांधकाम चालू असलेल्या इमारतीला आग लागली आणि ती या रस्त्यावरच्या जुन्या दुकानांपर्यंत पोचली. १९११ मध्येही गावाचा मध्य असाच जळला होता. अशा आगीनंतर जागा भराभर नव्या सदनिकांनी भरते. २०२० च्या जनगणनेत इथली वस्ती ४८ हजारांच्या घरात गेली. विद्यापीठाचं आवार इथे आहे, मोठं हिंदू मंदिर आहे, नोकरीनिमित्त आलेली अनेक मराठी कुटुंबं आसपास राहतात. हॉटेलमुळे भाडी वाढली असं कोणी म्हटलं तर ते अर्धंच खरं. भाडी वाढवणारं मोठं बळ सिॲटलच्या तंत्रज्ञान उद्योगाचं आहे. तरीही गावात आकर्षण वाढलं की जमिनीचा भावही चढतो, ही त्याची किंमत नाकारता येत नाही. म्हणून तर करारात लोकांचा वाटा लिहून घ्यावा लागतो.

पाचवा दिवस

शेवटचा विचार आपल्याकडचा. हॉटेल झालं की इमारत वाचते, असा सरसकट नियम करता येत नाही; याचा सर्वांत मोठा पुरावा मुंबईच्या काळा घोड्याजवळ उभा आहे. जॉन वॉटसन यांचं लोखंडी सांगाड्याचं हॉटेल एकेकाळी शहराचं भूषण होतं. जुलै १८९६ मध्ये ल्युमिएर बंधूंचे चलत्चित्रपट भारतात पहिल्यांदा तिथे दाखवले गेले. पुढे हॉटेल बंद झालं, आत भाडेकरू आले, इमारतीला एस्प्लनेड मॅन्शन म्हणू लागले. दुरुस्ती कोणाच्याच खिशाला झेपेना आणि २००५ मध्ये तिच्या दर्शनी भागाचा काही हिस्सा कोसळला. कोल्हापूरला रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस १९३१ ते १९३४ दरम्यान बांधला गेला, म्हणजे अँडरसन शाळेचाच समवयस्क. १९८७ मध्ये त्याचं हॉटेल झालं आणि पुढे तेही बंद पडलं. इमारत टिकायची तर तिच्या वापरातून छपराच्या डागडुजीचा पैसा वर्षानुवर्षं निघायला हवा. हॉटेल हा त्याचा एक मार्ग आहे, हमी नव्हे.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुलं दुसरीकडे पाठवायचं ठरवलं, तेव्हा चर्चा मुलांच्या पायपिटीची झाली, आणि ती आधी व्हायलाच हवी होती. इमारतींचं काय करायचं, हा प्रश्न मात्र मागे राहिला. प्रत्येक कौलारू शाळेचं हॉटेल होणार नाही. कोकणातल्या एखाद्या वाडीत ते करूही नये. पण ग्रामपंचायत किंवा नगरपालिका जेव्हा एखादी इमारत भाड्याने देईल, तेव्हा गावाच्या मुलांसाठी, गावच्या सभेसाठी आतला कोणता भाग आणि किती वर्षं राखून ठेवायचा, हे करारात आकड्यांनिशी लिहिता येईल. बॉथेलने ते केलं. तिथलं करारातलं पंधरा वर्षांचं मोफत पोहणं २०३० मध्ये संपेल. त्या वर्षी नगरपालिका पुन्हा काय मागते आणि कंपनी काय देते, ते पाहायला कोणी तरी मराठी माणूस तिथे असेलच. त्याने ते लिहून पाठवावं, अशी माझी इच्छा आहे.