जोड आणि जोडी

मराठीच्या प्रश्नपत्रिकेतून बरेच काही हद्दपार झाले, तरी 'जोड्या लावा' हा प्रश्न अद्याप टिकून आहे. डाव्या बाजूस लेखक, उजव्या बाजूस ग्रंथ. मध्ये विद्यार्थ्याने ओढलेली तिरपी रेघ. वाङ्मयेतिहासाचे अध्यापन करताना आपणही काही वेगळे करीत नाही. फडके म्हटले की खांडेकर ओघानेच येतात. अशी जोडी एकदा रूढ झाली की तिच्यातील एक नाव मापदंड होते आणि दुसरे त्या मापाने मोजले जाते. दोघांचे परस्परांशी नाते नेमके काय होते, हा प्रश्न मात्र रेघ ओढून झाल्यावर कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न आम्हांस अनपेक्षित ठिकाणी पुन्हा भेटला. ते ठिकाण म्हणजे अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचा कुस्ती संघ. मराठी वाचकास आयोवा ठाऊक असते ते तेथील आंतरराष्ट्रीय लेखन उपक्रमामुळे. दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ या काळात त्या उपक्रमात होते. त्याच सुमारास, १९७६ मध्ये, डॅन गेबल नावाचा ऑलिंपिक विजेता मल्ल तेथील कुस्ती संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. पुढील एकवीस हंगामांत त्याच्या संघाने पंधरा राष्ट्रीय सांघिक विजेतेपदे मिळविली. त्यांपैकी १९७८ ते १९८६ ही नऊ तर सलग. लेखनशाळा आणि तालीम एकाच गावात नांदत होत्या. जॉन आयर्विंग या कादंबरीकाराने दोन्ही संस्कार अंगी बाणवले, हे त्याच्या वाचकांस ठाऊक आहेच.

या संघाच्या चाहत्यांत एक वाद कायम रंगतो : आयोवाच्या इतिहासातील हलक्या वजनाची सर्वश्रेष्ठ जोडी कोणती? वाद समजण्यासाठी थोडी पूर्वपीठिका आवश्यक आहे. तेथील महाविद्यालयीन कुस्तीत दहा वजनगट असतात आणि प्रत्येक गटात संघाचा एकच मल्ल उतरतो. दोन संघांच्या सामन्यात परंपरेने सर्वांत हलक्या गटाची कुस्ती प्रथम होते, म्हणून पहिल्या दोन गटांतील मल्लांनी सामन्याचा सूर लावून द्यावयाचा असतो. या दोघांची जोडी मानण्याचे आणखी एक कारण आहे. वजनात सात-आठ पौंडांचाच फरक असल्याने सरावात त्यांना एकमेकांशीच झुंजावे लागते. स्पर्धेत मात्र ते परस्परांसमोर कधीच येत नाहीत.

आता उमेदवार पाहू. पहिली जोडी रँडी लुइस आणि बॅरी डेव्हिस यांची. लुइसने १९७९ मध्ये १२६ पौंडांत आणि १९८० मध्ये १३४ पौंडांत राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. डेव्हिसने १९८२, १९८३ आणि १९८५ मध्ये. बेरीज पाच. लॉस एंजेलिसच्या १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये ६२ किलो गटात लुइसला सुवर्ण आणि ५७ किलो गटात डेव्हिसला रौप्य मिळाले. कागदावर या जोडीस तोड नाही. परंतु तारखा नीट लावून पाहिल्या की गंमत ध्यानात येते. दोघे आयोवाच्या संघात एकत्र होते ते केवळ १९८०-८१ या एका हंगामात, आणि त्या वर्षी दोघांपैकी एकालाही विजेतेपद मिळाले नाही. पाचांपैकी दोन डेव्हिस येण्यापूर्वीची, तीन लुइस गेल्यानंतरची. ही जोडी इतिहासकाराने लावलेली आहे.

दुसरी जोडी टॉम आणि टेरी ब्रँड्स या जुळ्या भावांची. टेरी १२६ पौंडांत, टॉम १३४ पौंडांत. टॉमची विजेतेपदे १९९०, १९९१ आणि १९९२ ची. टेरीची १९९० आणि १९९२ ची. बेरीज पुन्हा पाचच, परंतु येथे ती खरी बेरीज आहे. दोन वेळा दोघे भाऊ एकाच स्पर्धेत विजेते झाले. पुढे १९९३ च्या टोरंटोतील जागतिक स्पर्धेत टेरी ५७ किलो गटात आणि टॉम ६२ किलो गटात, दोघेही जगज्जेते ठरले. टेरीने १९९५ मध्ये तोच मान पुन्हा मिळविला.

आणि १९९६ साल उजाडले. अमेरिकेचा ऑलिंपिक संघ निवडण्याच्या कुस्त्यांत जगज्जेता टेरी केंडल क्रॉसकडून पराभूत झाला. क्रॉसने अटलांटात ५७ किलोचे सुवर्ण जिंकले. टॉमने ६२ किलोचे जिंकले. एका भावाच्या गळ्यात ऑलिंपिकचे सुवर्णपदक आणि दुसऱ्यास संघात स्थानही नाही. टेरी २००० साली सिडनीला गेला, तेथे त्यास कांस्य मिळाले. बहुतेक चाहते ब्रँड्स बंधूंच्या बाजूने कौल देतात, पण तो देताना पदके मोजतात आणि १९९६ हे साल घाईने ओलांडतात. आम्हांस ते वर्ष ओलांडवत नाही.

या तुलनेत आणखी एक अडचण आहे आणि ती केवळ आकड्यांची नाही. लुइस, डेव्हिस आणि ब्रँड्स यांच्या काळी सर्वांत हलका गट ११८ पौंडांचा, त्यानंतरचा १२६ चा. आज हे गट १२५ आणि १३३ चे आहेत. हा बदल का झाला? १९९७ च्या अखेरीस, काही आठवड्यांच्या अंतराने, अमेरिकेतील तीन वेगवेगळ्या महाविद्यालयांतील तीन मल्ल वजन उतरविताना मरण पावले. शरीरातील पाणी घटवून काट्यावर उभे राहण्याची ती रीत वर्षानुवर्षे शौर्यात जमा होत होती. त्या मृत्यूंनंतर नियम कडक झाले आणि १९९८-९९ च्या हंगामापासून गटांची वजने वाढविण्यात आली. म्हणजे दोन पिढ्यांच्या जोड्यांमध्ये हे जे सात पौंड आहेत, ते तीन तरुणांच्या प्राणांचे मोल देऊन आलेले आहेत. 'हलके वजन' हा शब्द सहजी उच्चारताना याचे भान असलेले बरे.

नव्या गटांतील उमेदवारही कमी नाहीत. मॅट मॅक्डोनो (१२५ पौंड, विजेता २०१० आणि २०१२) आणि टोनी रामोस (१३३ पौंड, विजेता २०१४) हे तीन हंगाम शेजारी होते, तरी एकाच वर्षी दोघे विजेते झाले नाहीत. स्पेन्सर लीने २०१८, २०१९ आणि २०२१ अशी तीन विजेतेपदे मिळविली आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रौप्य. परंतु त्याच्या बरोबरीने १३३ पौंडांत विजेता ठरणारा सोबती त्यास लाभला नाही. एकट्याचे कर्तृत्व कितीही थोर असले तरी त्याने जोडी होत नाही.

आमचे मन अडकले ते कोरी क्लार्क आणि थॉमस गिलमन यांच्यापाशी. २०१३-१४ च्या हंगामात हे दोघे जोडीदार नव्हतेच. १२५ पौंडांची जागा एक आणि दावेदार दोन. त्या हंगामात दोघेही त्या गटात लढले. राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाली ती क्लार्कची. पुढील वर्षी रामोसची १३३ ची जागा रिकामी झाली, क्लार्क वर सरकला आणि गिलमनला १२५ मिळाले. त्यानंतर तीन हंगाम दोघे खांद्याला खांदा लावून उभे राहिले. क्लार्क २०१५ आणि २०१६ मध्ये अंतिम फेरीत हरला. २०१६ मध्ये गिलमनही अंतिम फेरीत हरला. २०१७ मध्ये दुखऱ्या खांद्याने लढत क्लार्क विजेता झाला. गिलमन उपांत्य फेरीत हरून तिसरा आला. म्हणजे महाविद्यालयाच्या दप्तरी क्लार्कच्या नावावर एक विजेतेपद, गिलमनच्या नावावर एकही नाही. पण त्याच २०१७ साली गिलमन जागतिक स्पर्धेत रौप्यविजेता झाला, २०२१ मध्ये टोकियोत कांस्य आणि त्याच वर्षी जगज्जेतेपद. तोवर तो आयोवा सोडून अन्यत्र सरावास गेला होता, त्यामुळे हे यश आयोवाच्या खात्यावर मांडावे की नाही, हा वादात वाद.

या ठिकाणी आम्हांस आपल्या मराठीने एक चावी दिली. कुस्तीच्या आपल्या भाषेत 'जोड' म्हणजे सोबती नव्हे; जोड म्हणजे समोरचा मल्ल. मैदान भरविणारे 'तुल्यबळ जोड' शोधतात. जोड चांगली असेल तरच कुस्ती काटा होते, एरवी ती एका डावात निकाली निघते. 'तो माझ्या जोडीचा नाही' या वाक्यात तक्रार सोबतीबद्दल नसून प्रतिस्पर्ध्याबद्दल असते. ज्याच्याशी आपण लढतो तो आपली जोड, आणि ज्याच्यासह आपण ओळखले जातो ती आपली जोडी. एकाच धातूच्या पोटी हे दोन्ही अर्थ नांदतात, हे आमच्या ध्यानी आजवर का आले नाही, याचे नवल वाटते. फडके आणि खांडेकर यांची जोडी वाङ्मयेतिहासाने लावली, ती तरी कशामुळे? कलेसाठी कला की जीवनासाठी कला, या वादात ते एकमेकांची जोड होते, म्हणूनच.

या अर्थाने पाहता लुइस आणि डेव्हिस यांची जोडी विरते. त्यांना एकमेकांशी झुंजावयास एकच हंगाम मिळाला. क्लार्क आणि गिलमन प्रथम जोड झाले आणि मग जोडी. ब्रँड्स बंधू तर एका गर्भापासून एकमेकांची जोड. टॉमच्या सुवर्णपदकात टेरीचा वाटा किती, हे कोणत्याही गुणफलकावर नोंदलेले नाही. कारण तालमीतल्या कुस्त्यांना पंच नसतात आणि त्यांचे निकाल छापले जात नाहीत. तरीही दररोज ज्याच्या अंगावर आपण डाव घासून धारदार केले तो जगज्जेता होता, ही गोष्ट टॉमइतकी कोणास ठाऊक असणार? २००६ मध्ये टॉम आयोवाचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि त्यानंतर टेरीही त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. क्लार्क, गिलमन आणि ली त्याच खोलीत घडले. १९९६ मध्ये संघाबाहेर राहिलेल्या त्या मल्लाने पुढच्या पिढीच्या जोड्या घडविण्यास हातभार लावला, याची नोंद कोणत्या रकान्यात करावी?

आम्हांस हा प्रश्न जिव्हाळ्याचा वाटतो त्यास कारण आहे. हा लेख ज्यांनी मिळून लिहिला ते आम्ही दोघे एम.ए.ला एकाच बाकावर होतो, आणि पुढे एकाच महाविद्यालयातील मराठीच्या एकाच पदासाठी एकाच दिवशी मुलाखतीस बसलो. पद एक, दावेदार दोन. एकाची निवड झाली. दुसऱ्याने पुढील चार वर्षे तासिका तत्त्वावर काढली. दर सत्राअखेर मानधनाच्या देयकावर स्वाक्षरी करून, पुढील सत्रात तास मिळतील की नाही या विवंचनेत. त्या काळातही आम्ही एकमेकांच्या लेखांचे पहिले खर्डे वाचीत होतो आणि लाल शाईने कठोरपणे खोडीत होतो. निवड झालेल्याच्या प्रबंधातील एक संपूर्ण प्रकरण दुसऱ्याच्या आक्षेपांमुळे नव्याने लिहिले गेले. प्रबंधाच्या मुखपृष्ठावर नाव एकाचेच आहे आणि तसेच असावयास हवे. आमच्यापैकी निवड कोणाची झाली हे आम्ही येथे सांगत नाही. सांगितल्यास वाचक लगेच एकास पहिला आणि दुसऱ्यास दुसरा ठरवील.

आपल्या घरातही अशी एक जोडी आहे आणि तिची वजने हीच, ५७ आणि ६२ किलो. हेलसिंकीच्या १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधव यांनी ५७ किलो गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. ज्या राजाराम महाविद्यालयात फडके यांनी अनेक वर्षे अध्यापन केले, त्याच महाविद्यालयाचे खाशाबा विद्यार्थी. त्यांच्या प्रवासखर्चासाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकले, ही हकिगत आज शाळेतील मुलांनाही ठाऊक आहे. त्याच स्पर्धेत ६२ किलो गटात केशव माणगावे चौथे आले. तिसरा अमेरिकेचा जोसाया हेन्सन. तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकांत अंतर ते केवढे! पण खाशाबांचा शंभरावा वाढदिवस ओलांडून गेल्यावरही माणगावे हे नाव किती जणांस आठवते, हे मराठीच्या कोणत्याही वर्गात विचारून पाहावे. कांस्याखाली एक रेघ ओढली आणि जोडीतील एक नाव रेघेच्या पलीकडे राहिले. अर्जुन पुरस्काराच्या बाबतीत खाशाबांची स्वतःची उपेक्षाही थोडीथोडकी नव्हती. १९८४ मध्ये अपघाती निधन झालेल्या या मल्लास तो मिळाला तो मरणोत्तर. पहिल्याची ही कथा, तर दुसऱ्याची काय सांगावी?

तेव्हा आयोवाच्या वादात आमचा कौल ब्रँड्स बंधूंना, आणि तो पाच विजेतेपदांसाठी नव्हे. टेरीच्या १९९६ च्या पराभवासकट आम्ही त्यांना श्रेष्ठ मानतो. ज्या जोडीतील दुसरे नाव वगळल्यास पहिल्याचा हिशेब लागत नाही, तीच आमच्या लेखी जोडी. आमच्यापैकी एकाचे मन मात्र अजून क्लार्क आणि गिलमन यांच्याकडे झुकते, आणि त्याबद्दल आमची कुस्ती सुटलेली नाही. पुढील सत्रात वाङ्मयेतिहासाच्या तासाला आम्ही विद्यार्थ्यांना 'जोड्या लावा' हा प्रश्न देऊच. फक्त त्याखाली एक उपप्रश्न वाढवू : लावलेल्या कोणत्याही एका जोडीतील दुसऱ्या नावाने पहिल्यास काय दिले, ते सोदाहरण लिहा. गुण दहा.